रीतभात आमची, पळवाट सरकारची



कोरडवाहू कास्तकाराच्या दुःखावर आजवर बऱ्याच पंडितांची पोटे भरली. कोणी त्याच्या कर्जावर अहवाल लिहिले, कोणी त्याच्या विहिरीवर, कोणी त्याच्या बियाण्यावर. आता त्याच्या मनाची पाळी आली आहे. मनाचा अभ्यास करायला आमची हरकत नाही. झाला पाहिजे, आजवर झाला त्याच्या दहापट झाला पाहिजे. हरकत आहे ती असल्या अहवालांच्या शेवटच्या पानावर ठरून गेलेल्या एका निष्कर्षाला. खेड्यातला माणूस अडाणी, देवभोळा आणि लाजरा. मनाच्या आजाराला तो आजार मानत नाही. म्हणून तो उपचाराला येत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तेथे लिहिलेले असते.

एवढे लिहिले की सगळे मोकळे. डॉक्टर नेमायला नको, गोळ्या पुरवायला नको, तालुक्याच्या दवाखान्यात एक खोली रिकामी करायला नको. दोष संस्कृतीचा ठरला, आणि संस्कृतीला काही कारणे दाखवा नोटीस देता येत नाही! सावकारावर गुन्हा दाखल होतो, बँकेवर मोर्चा नेता येतो. रीतभातीवर मोर्चा कोठे न्यायचा?

जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही याच निष्कर्षाचा हिशेब मांडणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: माणसाला दुःख कसे होते, ते तो कोणत्या शब्दांत सांगतो आणि कोणाच्या दारात जातो, हे त्याची रीतभात ठरवते, यात शंका नाही. पण त्याला दार बंद मिळाले तर ते रीतभातीने बंद केलेले नसते.

आधी आकडे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांत ५,२०७ कास्तकार आणि ६,०८३ शेतमजूर. एकट्या महाराष्ट्रातल्या ४,२४८. देशात सर्वांत जास्त. म्हणजे दिवसाला अकरा-बारा.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्ये निवडली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता! ज्या राज्यात सर्वांत जास्त शेतकरी मरतात, त्या राज्याचे मन मोजण्याची गरज कोणाला वाटली नाही. जेथे मोजले तेथे दिसले की नैराश्याचा आजार असलेल्या शंभर माणसांतल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. हे सर्वेक्षण फक्त खेड्यापाड्यांचे नव्हते. शहरे आणि महानगरेही त्यात होती. शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी, लिफ्टने ये-जा करणारी माणसेही उपचारावाचून होती. त्यांच्याबद्दल मात्र कोणी देवभोळेपणाचा सिद्धांत मांडत नाही. तो आमच्यासाठी राखून ठेवलेला आहे.

आम्ही बोलतो, ऐकणारा बहिरा

कास्तकार मनाचे दुःख बोलत नाही म्हणतात. एकदा पारावर बसून ऐका. ‘भाऊ, चार दिवसांपासून झोपच नाही लागून राहिली.’ ‘जीव कशातच लागत नाही.’ ‘छातीत धडधडते, वावरात जावंसंच वाटत नाही.’ ‘तिला घोर लागला आहे.’ ‘त्याचं चित्त थाऱ्यावर नाही.’ ‘डोकं नुसतं गरगरते, विचार थांबतच नाहीत.’ घोर, तगमग, हुरहूर, धसका, धास्ती, काळीज तुटणे, जीव उडणे. एवढा शब्दांचा साठा ज्या भाषेत आहे, ती भाषा मनाबद्दल मुकी कशी?

पण प्रश्नावली घेऊन येणारा विचारतो, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती दिवस निराश वाटले? कास्तकार सांगतो, नाही बुवा, निराश वगैरे काही नाही. खरेच आहे. त्याला निराश वाटत नाही, त्याला घोर लागला आहे. कागदावर घोराचा रकाना नाही. झाली नोंद: लक्षणे नाहीत.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. हा प्रकार आम्हाला चांगला ओळखीचा आहे. संशोधन केंद्राच्या भारी काळ्या जमिनीत, विहिरीच्या पाण्यावर, वेळेवर खत देऊन एखादे वाण तयार करायचे. एकरी उताऱ्याचा आकडा छापायचा. मग तेच वाण मुरमाड बरडावर, पावसाच्या भरवशावर पेरायला सांगायचे. उगवले नाही, वाढले नाही, की म्हणायचे शेतकऱ्याने शिफारशी पाळल्या नाहीत. वाण कोठे तयार झाले हे कोणी विचारत नाही. परदेशातल्या शहरी माणसावर घडवलेली प्रश्नावली यवतमाळच्या किंवा बीडच्या माणसाला जशीच्या तशी लावायची आणि उत्तर आले नाही की माणूस अडाणी ठरवायचा, हा त्यातलाच प्रकार.

आणि डोके जड आहे, अंग मोडून येते, अशक्तपणा आहे असे सांगणारा माणूस अडाणी नसतो, शहाणा असतो. निम्हान्समध्येच रघुराम, मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० रुग्णांचा अभ्यास करून १९९६ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांनी मनाची लक्षणे जास्त सांगितली त्यांना बदनामीची धास्ती जास्त होती. ज्यांनी अंगाची दुखणी जास्त सांगितली त्यांना ती कमी होती. हिशेब सरळ आहे. मन आजारी म्हटले की पोरीचे लग्न अडते. अंग दुखते म्हटले तर कोणी भुवई उंचावत नाही. अंग सगळ्यांचेच दुखते. माणूस दुःख लपवत नाही, ज्या नाण्यात ते खपते त्या नाण्यात तो ते मोडतो. तो डॉक्टरच्या दारात येतो, अशक्तपणा सांगतो, सुई घेतो, सलाईन लावून घेतो, पैसे मोजतो आणि तसाच घरी जातो. मग उपचाराला कोण आले नाही? आला तो कास्तकार. त्याला विचारायला तयार नव्हता तो दवाखाना.

अठरा महिन्यांत संस्कृती बदलते काय?

आता आपल्याच मुलखातला पुरावा घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा लेखाजोखा २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. काम साधे होते. गावातल्याच माणसांना शिकवले. त्यांनी घरोघर, बैठकीत, गावाच्या शब्दांत या दुखण्याबद्दल बोलायचे. ज्याला गरज आहे त्याला धीराचे दोन शब्द द्यायचे. त्याहून जास्त लागले तर शिकवून तयार केलेला समुपदेशक. त्याहूनही जास्त लागले तर मानसोपचाराचा डॉक्टर.

सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली ४.३ कोणत्या ना कोणत्या उपचारापर्यंत पोचत होती. अठरा महिन्यांनी २७.२ पोचू लागली. सहापट! ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले अशांचे प्रमाण शंभरी ५.२ वरून २.५ वर आले.

आम्ही प्रयोगाच्या प्लॉटवर काम केलेली माणसे आहोत, म्हणून उणीवही सांगतो. शेजारी तुलनेचा प्लॉट नव्हता. कार्यक्रम न राबवलेली गावे सोबत मोजली नव्हती. त्यामुळे दुःख कमी झाले ते किती या कामामुळे आणि किती पाऊसपाण्यामुळे, हे छातीठोक सांगता येत नाही. शंभरातले ७३ अजून बाहेरच राहिले, तेही खरे. पण दवाखान्याच्या वाटेला लागलेली माणसे सहापट झाली, ती काही पावसाने नाही झाली.

आता आमचा सवाल. त्या ३० गावांतली संस्कृती अठरा महिन्यांत बदलली काय? तेथले देव बदलले? जाती मोडल्या? पोरीच्या लग्नाची काळजी संपली? काही नाही. माणसे तीच, पार तोच, मारुती तोच. बदलले ते दार. दार जवळ आले, दारात ओळखीचा माणूस उभा राहिला, आणि तो आपल्या भाषेत बोलला. मग ‘संस्कृतीमुळे लोक येत नाहीत’ हा सिद्धांत कोणत्या वावरात पुरायचा ते पंडितांनीच सांगावे.

हरारेच्या आजीबाया

दुसरा दाखला लांबचा आहे, पण मुलूख आपल्यासारखा. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात कोरडवाहू शेतकरी कापूस पिकवतो, ज्वारी पिकवतो आणि आभाळाकडे बघतो. तेथल्या शोना भाषेत एक शब्द आहे: कुफुंगिसिसा. अर्थ, फार विचार करणे, विचारांनी पोखरून निघणे. आपला घोर तो हाच. १९९०च्या दशकात विक्रम पटेल यांनी हरारेत राहून काम केले आणि तेथल्या लोकांच्या अशाच शब्दांतून प्रश्नावली तयार झाली. हेच पटेल पुढे गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संस्थापकांत होते, आणि अमरावतीच्या कामातही ‘संगाथ’चा हात होता.

हरारेतले डॉक्टर डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली. दवाखान्यात का आणले नाही, असे त्यांनी तिच्या आईला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले: बसभाड्याला पैसे नव्हते. संस्कृती नव्हे, कलंक नव्हे, बसभाडे! हे चिबांडा यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २००६ साली त्यांनी वस्तीतल्या दवाखान्याच्या अंगणात लाकडी बाक मांडले आणि त्यावर वस्तीतल्याच चौदा आजीबायांना शिकवून बसवले. बाकाला आधी मानसिक आरोग्याचे नाव होते. आजीबाया म्हणाल्या, असल्या नावाच्या बाकावर कोणी बसायचे नाही. म्हणून नाव पडले मैत्रीचा बाक.

यात तुलनेचा प्लॉटही होता. २४ दवाखाने, ५७३ माणसे. निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचा उपचार मिळालेल्यांत सहा महिन्यांनी जवळजवळ निम्म्यांमध्ये नैराश्याची लक्षणे शिल्लक होती. बाकावर बसून आजीबाईशी बोललेल्यांत शंभरी चौदा. संस्कृतीचा अभ्यास करायचा तो असा करायचा. माणसावर शिक्का मारायला नव्हे, त्याच्यासाठी योग्य दार कोठे आणि कसे बसवायचे हे ठरवायला.

देवऋषी, दर्गा आणि साखळी

मग प्रश्न येतो देवऋषाचा. सैलानीला जाणारी, जाळीच्या देवाला जाणारी, गावच्या भगताकडे लिंबू-नारळ घेऊन जाणारी आपलीच माणसे आहेत. शहरी पंडित त्यांना हसतो. आम्ही हसणार नाही आणि त्याची भलामणही करणार नाही.

माणूस तेथे का जातो? कारण ते ठिकाण उघडे असते. केसपेपर लागत नाही. घरच्यांना बाहेर बसवत नाहीत. व्हिएडा स्कल्टन्स या अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. तिला दिसले की आजारी माणसासोबत अख्खे कुटुंब येऊन राहते, आणि घरातली बाई त्याची पीडा आपल्या अंगावर घेण्यासाठी स्वतः झुलते. नवऱ्याची, पोराची पीडा मला लागो! आपल्या बायांवर केवढे ओझे आहे ते यात दिसते. पण माणसाला एकटे सोडलेले नाही, हेही दिसते. तामिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांची लक्षणे काही आठवड्यांत सुमारे २० टक्क्यांनी उतरली, असे रघुराम आणि सहकाऱ्यांनी २००२ साली नोंदवले. तेथे मारझोड नव्हती. निवारा होता, काम होते, सोबत होती.

त्याच तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. साखळदंडाने बांधलेली २८ माणसे जळून मेली, कारण त्यांना पळता आले नाही. म्हणून आमची रेघ स्पष्ट आहे. नवस करा, नारळ फोडा, तो तुमचा अधिकार. साखळी, चाबूक, धुरी आणि उपास दिसले की तो गुन्हा. महाराष्ट्रात २०१३ पासून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे, आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे रक्त सांडले आहे. तिसरी वाटही आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा आणि दुआ एकाच आवारात मिळण्याची सोय झाली. मुजावर दुआ देतो आणि बाजूच्या खोलीतल्या डॉक्टरकडे पाठवतो. कोणाची श्रद्धा मोडावी लागली नाही. जे गुजरातेत जमते ते आपल्याकडे का जमू नये?

तोंड बंद कोणी केले?

आता सरकारचा हिशेब. १८६० च्या दंडसंहितेत ३०९ कलम होते. आत्महत्येचा प्रयत्न फसला तर जगलेला माणूस गुन्हेगार. म्हणून घरचे दवाखान्यात सांगत, चुकून औषध पोटात गेले. दीडशेहून जास्त वर्षे या देशात मनाची व्यथा कबूल करणे म्हणजे फौजदाराला आमंत्रण होते. मग अभ्यासक विचारतात, खेड्यातले लोक खरे का सांगत नाहीत! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने सांगितले की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा नाही आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुने कलम उरले नाही. एक मात्र राहिले. सरकारी नोकराला त्याचे काम करायला किंवा न करायला भाग पाडण्यासाठी कोणी असा प्रयत्न केला तर २२६ कलमाखाली शिक्षा आहे. जीव देणे हा लढ्याचा मार्ग नाही, कोणत्याही कार्यकर्त्याने तो तोंडातूनही काढू नये. पण सरकारला कोणाच्या जिवाची फिकीर आहे, ते या कलमावरून समजून घ्या.

आणि मदतीची कथा? २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाख. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण आधी तो ‘पात्र’ ठरला पाहिजे. जमीन घराच्या नावावर हवी, कर्ज हवे, नापिकी हवी, वसुलीचा तगादा हवा. यात बसला नाही तो ‘अपात्र’. मेल्यावरसुद्धा माणसाची पैसेवारी! आता ज्या विधवेला पोरे जगवायची आहेत ती समितीपुढे सांगेल काय, की मालक वर्षभर झोपत नव्हते, एकटेच बडबडत होते, दारू वाढली होती? ती ओठ शिवून घेते. या घरांनी आजाराबद्दल गप्प बसावे, हे सरकारी कागदानेच शिकवले. शेतमजुराच्या घराला तर या रांगेत जागाच नाही, कारण त्याच्याकडे सातबारा नाही. वर दिलेला आकडा पुन्हा वाचा: ६,०८३. आणि जी बाई जन्मभर निंदण-वेचण करून गेली, पण जिच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, ती शेतकरी होती हेच सिद्ध होत नाही.

जिवंतपणी काय मिळते? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. कागद जुने आहेत. इंग्रजांच्या काळापासूनची मोठी मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. देशात लाख माणसांमागे मानसोपचाराचा एक डॉक्टरही पुरत नाही, आणि आहेत ते शहरांत. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. घरोघर जाऊन विचारपूस करण्याचे काम आशाताईच्या गळ्यात पडले. बाळंतपणे तिची, लसीकरण तिचे, आता मनही तिचेच. आणि दुपारी दाराशी उभ्या असलेल्या सुनेच्या वयाच्या आशाताईला घरचा कर्ता पुरुष आपली झोप उडाल्याचे सांगणार? ज्यांनी हे योजले त्यांना आमच्या रीतभातीचा खरा अभ्यास करायचा होता, तर तो येथे करायचा होता. कोणाला, कोठे, कोणासमोर विचारायचे?

आपल्याच घरातले कुलूप

सरकारला झोडपले म्हणून आपले घर झाडायचे राहत नाही. कर्त्या माणसाने रडायचे नाही, कर्जाचा खरा आकडा बायकोलाही सांगायचा नाही, चारचौघांत पगडी सरळ ठेवायची, ही आपली रीत आहे. बाई उदास झाली तर ‘कामचुकार’, पोरगा घुमा झाला तर ‘लग्न करून द्या, ठीक होईल’. एका घरात असा आजार निघाला की त्या घराशी सोयरीक नको. ही कुलपे सरकारने घातलेली नाहीत. पण ज्या समाजात कुलपे आहेत त्याच समाजात किल्ल्याही आहेत. मयतीला अख्खे गाव उठते. सप्ताहात रात्रभर माणसे एकत्र बसतात. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही तर शेजारून भाकरी येते. मेल्यावर जी भाकरी पोचते ती आठ महिने आधी का पोचू नये, एवढाच प्रश्न आहे.

आपल्यातले काही भाऊ म्हणतात, हे मनाचे खूळ कशाला? भाव द्या, मन आपोआप बरे होईल. त्यांची भीती आम्हाला कळते. समुपदेशनाच्या नावाखाली भावाचा प्रश्न गाडून टाकायचा डाव असतो, हे खरे. पण कपाशीचे पान लाल पडले की आपण काय करतो? मॅग्नेशियम कमी, नत्र कमी, रात्रीची थंडी, तुडतुडे, सगळे मिळून लाल्या येतो. मूळ कारण एकच माना असे म्हणत कोणी पीक वाळू देत नाही. कर्ज, नापिकी, दारू, घरातले भांडण, उडालेली झोप ही एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी असतात. भावाचा लढा वर्षानुवर्षांचा आहे, आणि ज्या माणसाला आज रात्र काढायची आहे त्याला तोपर्यंत थांब म्हणता येत नाही. तो जगला तर उद्या मोर्चात आपल्या शेजारी चालेल.

आणि उलट बाजूने, जे साहेब म्हणतात की कास्तकाराला प्राणायाम शिकवा, सकारात्मक विचार शिकवा, त्यांना आमचे उत्तर एवढेच: बोंडअळीने खाल्लेल्या वावराच्या धुऱ्यावर उभे राहून तुम्ही आधी सकारात्मक विचार करून दाखवा.

मेळाव्यापुढील ठराव

एक. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी मानसोपचाराचा डॉक्टर बसला पाहिजे. दारावर ‘मनोरुग्ण’ अशी पाटी नको. सर्वसाधारण तपासणीच्याच रांगेत. महिन्याच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाल्या पाहिजेत. गोळीसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याला जायला लावू नये.

दोन. जो कोणी आपल्या गावात मनाचे सर्वेक्षण करील त्याने प्रश्न आपल्या बोलीत विचारावेत, आणि निघालेले निष्कर्ष आधी त्याच गावाच्या सभेत वाचून दाखवावेत. आम्ही माहिती देतो, पुरावा म्हणून वापरून घेऊ देत नाही.

तीन. पात्र-अपात्रतेचा खेळ बंद करावा. शेतमजूर आणि सातबारा नसलेली शेतकरी स्त्री यांना धरावे. मेलेल्या माणसाला आजार होता असे घरच्यांनी सांगितले, म्हणून मदत नाकारली जाऊ नये.

चार. हे काम आपले. प्रत्येक गावात दोन सोबती निवडावेत, एक पुरुष, एक बाई. पुढारी नकोत, ज्यांच्यापाशी लोक आपणहून बसतात असे निवडावेत. त्यांनी ऐकायचे, उपदेश करायचा नाही, ऐकलेले पारावर न्यायचे नाही. पेरणीच्या आधी पैशाची जुळवाजुळव चालते तेव्हा, बोंडे भरताना पाऊस दगा देतो तेव्हा आणि मार्चमध्ये वसुलीच्या गाड्या फिरतात तेव्हा, वर्षातून निदान या तीन वेळा प्रत्येक अडचणीतल्या घरी जाऊन यायचे. दवाखान्याचे बसभाडे गावच्या शाखेने द्यायचे.

कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलला तर ती थट्टेवारी न्यायची नाही. सरळ विचारायचे. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार येत नाही, उलट ओझे उतरते. त्याला एकटे सोडायचे नाही. घरातली फवारणीची औषधे शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायची. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. गाडी नसेल तर १०८. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक कृषी केंद्राच्या आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर रंगवून टाका.

पहिले तीन ठराव सरकारकडे मागायचे आहेत. त्यासाठी निवेदन, धरणे, घेराव, जे लागेल ते करू. चौथ्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या दोन सोबत्यांची नावे लिहून आणावीत.